गाळाची नस्ती कोणाच्या टेबलावर?

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघाले की दुर्ग स्थानक येण्याआधी शिवनाथ नदीचा पूल लागतो. पावसाळ्यात ही नदी पाण्याची कमी आणि मातीची अधिक वाटते. अशाच एका श्रावणात मी भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या माझ्या काकांकडे उतरलो होतो. पुलावरून पाहिलेला तो लाल लोट मनातून जात नव्हता. सहज विचारले, "काका, एवढी माती जाते कुठे?" ते म्हणाले, "अरे, पाण्याचा हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत. मातीचा हिशेब ठेवणारा मला तरी नोकरीच्या सगळ्या वर्षांत भेटला नाही."

माझी सारी नोकरी शासनात गेली. त्यामुळे हे वाक्य मला लागले, कारण ते खरे होते.

भिलाईचा कारखाना आणि त्याची वसाहत तांदुळा व गंगरेल या जलाशयांच्या पाण्यावर उभी आहे. पैकी तांदुळा ब्रिटिश अमदानीतला, गंगरेल 1978 चा. जलाशयात पाणी येते तशी मातीही येते. पाणी निघून जाते, माती राहते. ही साधी गोष्ट शाळकरी मुलालाही कळते, पण शासनयंत्रणेत ती कोणाचीच नाही. मातीचा कण शेताच्या बांधावर असतो तेव्हा तो कृषी खात्याच्या मृदसंधारण शाखेचा. ओढ्यात वाळू होऊन पडला की गौण खनिज, म्हणजे महसुलाचा. धरणात बसला की जलसंपदा विभागाचा 'मृतसाठा'. राज्याची सीमा ओलांडली की तो शेजारच्या राज्याचा. एकाच कणाच्या चार नस्त्या, आणि चारही नस्त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत.

याची किंमत काय, ते हिराकुडला पाहावे. शिवनाथ महानदीला मिळते आणि छत्तीसगडची माती घेऊन महानदी ओडिशात शिरते. तेथे 1957 साली हिराकुड धरणाचे उद्घाटन झाले. त्याचा मूळ एकूण साठा 8136 दशलक्ष घनमीटर होता, तो पुढे 5896 वर आला. म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक धरण मातीने भरले. महानदीच्या पाण्यासाठी दोन राज्ये भांडतात आणि त्यासाठी 2018 पासून लवादही आहे, पण मातीची जबाबदारी वाटून घ्या असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता दुसरीकडे पाहू. भूपृष्ठावरील झीज, वाहणे आणि साचणे यांची गणिती प्रारूपे करणाऱ्या शास्त्रज्ञांचा एक समुदाय 2007 पासून अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर येथे संघटित झाला. जेम्स सिव्हिट्स्की हे त्याचे पहिले संचालक. या मंडळींची अडचण आपल्यासारखीच होती : डोंगरउताराचे प्रारूप एकाकडे, नदीचे दुसऱ्याकडे, किनाऱ्याचे तिसऱ्याकडे. त्यांनी दोन नियम केले. प्रत्येकाने आपली संगणकीय आज्ञावली खुली ठेवायची, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला घेता येईल अशी सामाईक जोडणी ठेवायची. आज त्यांच्या भांडारात शेकडो प्रारूपे कोणालाही विनामूल्य मिळतात. जे त्यांनी विद्याशाखांच्या बाबतीत साधले, ते आपल्याला एकाच इमारतीतल्या चार विभागांत साधलेले नाही.

सिव्हिट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली जगातील 33 त्रिभुज प्रदेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपल्या महानदी, गोदावरी आणि कृष्णा आहेत. निष्कर्ष असा की वरच्या धरणांत गाळ अडकल्याने खालची भूमी खचत आहे. पैठणच्या नाथसागरात जो गाळ आपल्याला नको आहे, तो आंध्रच्या किनाऱ्याला हवा आहे. हा विचार आपल्या कोणत्या टिप्पणीत वाचायला मिळतो?

येथे अधिकारी मित्र एक ठरीव आक्षेप घेतात : "प्रारूपे चुकतात. त्यांच्या भरवशावर शासन चालत नाही." हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. धरणाच्या प्रत्येक प्रकल्प अहवालात वर्षाला किती गाळ येईल याचे एक गृहीतक असते. ते प्रारूप नाही तर काय? फरक इतकाच की शास्त्रज्ञाचे प्रारूप दहा जण तपासतात आणि चुकले तर दुरुस्त करतात. आपले प्रारूप एका ओळीत दडलेले असते, मंजुरीनंतर ते कोणी उघडत नाही, आणि चुकल्याचे कळते तेव्हा सही करणारा निवृत्त झालेला असतो. आपल्या देशातील कितीतरी जलाशयांत गाळ गृहीतकापेक्षा वेगाने साचला, हे सर्वेक्षणांनी दाखवले आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने 2023 साली अंदाज दिला की भारतातील मोठी धरणे 2050 पर्यंत मूळ साठ्याच्या सुमारे 26 टक्के क्षमता गमावतील. हा आकडा आपण स्वतः आधी का मांडला नाही?

महाराष्ट्राने 2017 साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. शेतकऱ्याच्या शेतात सुपीक गाळ गेला, हे चांगलेच झाले. पण गाळ कोठल्या उतारावरून आला हे न विचारता तो काढत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या. एक, प्रत्येक मोठ्या धरणाचे मूळ गाळ-गृहीतक आणि प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे आकडे शेजारीशेजारी छापून लोकांसमोर ठेवा. दोन, प्रत्येक खोऱ्यात उतारापासून समुद्रापर्यंत मातीचा हिशेब देणारा एक अधिकारी नावानिशी नेमा. तीन, हा हिशेब खुल्या प्रारूपावर करा, म्हणजे आयआयटी भिलाईचा किंवा नागपूरचा एखादा विद्यार्थीही तो तपासू शकेल. यासाठी नवे मंडळ नको, नवी इमारत नको. लागेल ती फक्त आपली चूक चारचौघांत दिसू देण्याची तयारी. आणि आपल्याकडे तुटवडा नेमका तिचाच आहे.

परतताना पुन्हा तो पूल लागला. नदी तशीच लाल होती. तेवढ्या चार मिनिटांत किती शेतजमीन पुलाखालून गेली, हे सांगू शकेल असा एकही अधिकारी मला आठवला नाही. त्यात मीही आलो.