दुपारी जुळवलेला डिले

हिवाळी मोसम तोंडावर आला आहे. पुण्या-नाशिकच्या मैदानांवर मोठ्या मैफिली सुरू होतील आणि आयोजकांचा पहिला प्रश्न ठरलेला असेल : "दोन्ही बाजूंना किती बॉक्स टांगणार?" उत्तर देण्याआधी मैदानाचा नकाशा मागून घ्या. पहिली रांग अ‍ॅरेपासून १२ मीटरवर आणि शेवटची ९६ मीटरवर असेल, तर एका बिंदूतून निघालेला आवाज तिथे पोचेपर्यंत १८ डेसिबलने उतरतो. नुसते बॉक्स वाढवून ही दरी बुजत नाही. त्यासाठी वरच्या बॉक्समधले कोन आवळायचे आणि खालचे उघडायचे. १९९०च्या दशकात क्रिस्तियाँ हाइल यांच्या व्ही-डॉस्कने ही वाट घालून दिली. आता कोन सॉफ्टवेअर काढून देते, त्यावर अधिक लिहायला नको.

सॉफ्टवेअरच्या हाती नसते ती रात्रीची थंडी. हवेचे तापमान एका अंशाने उतरले की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने घटतो. डिसेंबरातल्या दुपारी ३० अंशांत मेनचा आवाज ८० मीटरवरच्या डिले टॉवरपाशी २२९ मिलिसेकंदांत पोचतो. रात्री पारा १२ अंशांवर आला की त्यालाच २३६ लागतात. सात मिलिसेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण आवाज कुठून येतो हे कान आधी पोचलेल्या लहरीवरून ठरवतो, म्हणून गाणारा स्टेजवरच ऐकू यावा यासाठी आपण टॉवर मेनच्या पाच-दहा मिलिसेकंद मागे ठेवतो. दुपारी राखलेली ही सवड रात्री जवळजवळ संपलेली असते. मागच्या श्रोत्याला गायक टॉवरमधून गातोय असे वाटू लागते, काही स्वर पोकळ होतात. कन्सोल पुढे असल्याने इंजिनिअरला यातले काहीच ऐकू येत नाही. "मागे नीट ऐकू येत नाही" एवढाच निरोप येतो आणि फेडर वर जातो.

तो वर जाणे रात्री विशेष घातक आहे. दिवसा जमिनीलगतची तापलेली हवा आवाजाला वर वळवते. रात्री जमीन निवली की तोच आवाज खाली वळून दूरच्या वस्तीत उतरतो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर बारापर्यंतची सवलत वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस मिळते, तीही सरकारच्या मर्जीवर. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या तर ती टिकणार नाही, आणि रात्र रंगवणारे आपले राग दहाच्या आत उरकावे लागतील.

तेव्हा करारातच लिहून घ्या : गेट उघडण्याआधी, ऊन उतरल्यावर, अर्धा तास फक्त साउंडचा. थर्मामीटर अ‍ॅरेच्या उंचीवर टांगा, कन्सोलजवळ नको. टॉवरच्या प्रोसेसरपर्यंत नेटवर्कची केबल न्या आणि कान तयार असलेला एक माणूस रात्रभर शेवटच्या रांगांत फिरता ठेवा. गाणे चालू असताना मात्र डिलेला हात लावू नका, स्वर डगमगतो. एक कलाकार उठून दुसरा तंबोरे लावायला बसेल, तेवढ्या वेळात आकडा बदला.