मोगऱ्याची विश्रांती

पौषाची थंडी पडू लागली, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या आसपास घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. उन्हाळ्यात कळ्यांनी लवलेला कुंडीतील मोगरा पिवळा पडला, पाने गळू लागली! मग थंडी बाधली असे समजून ती कुंडी घरातील अंधाऱ्या कोपऱ्यात हलविली जाते; दोन वेळा पाणी व वर ओंजळभर खतही घातले जाते. माघ सरण्यापूर्वीच रोप कुजते व कुंडी उकिरड्यावर रिकामी होते. माहेराहून आणलेल्या फांदीचे ते रोप असेल, तर त्या माउलीस काय वाटत असेल, हे वाचकांस सांगणे नलगे.

आमचे म्हणणे एवढेच, की आपल्याकडे मोगरा थंडीने क्वचितच मरतो. बहुधा तो अवेळी केलेल्या लाडाने मरतो.

थंडीचे खरे भय कोठे असते ते पाहावे. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याचा दाट पाकळ्यांचा मोगरा इटलीत टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्या बागेत पोहोचला. फ्लॉरेन्सजवळ कास्तेल्लो येथे त्या रोपांसाठी ऊबदार घर राखलेले होते. तेथील लोक या फुलास ‘मुगेरिनो’ म्हणतात. आपल्या मोगऱ्याचेच ते नाव होय. त्या देशात बर्फापासून रक्षण हवे. तापीच्या खोऱ्यात मोगऱ्यास हवे असते ते ऊन आणि विसावा.

प्रथम उन्हाविषयी. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारचा सूर्यही दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. म्हणून कुंडी घरात ठेवणे भाग असेल, तर ती दक्षिणेच्या खिडकीशी किंवा ओटीवर ठेवावी. चुलीच्या धुरापासून ती दूर असावी. पारा १० अंशांखाली उतरेल अशा रात्री तेवढी भिंतीच्या आडोशास घ्यावी व सकाळी पुन्हा उन्हात ठेवावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपली काळी माती ओल फार दिवस धरते. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तरच सकाळी पाणी द्यावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. फुलशेती करणारे या दिवसांत मोगऱ्याचे पाणी तोडतात. त्यास ‘ताण देणे’ म्हणतात. कुंडीतील माती थोडी असल्याने आपण पाणी अगदी न तोडता केवळ कमी करावे. खत मात्र मुळीच घालू नये. विसावलेल्या मुळांस ते पचत नाही.

खालची जुनी पाने पिवळी होऊन गळणे हा या विसाव्याचाच भाग आहे. परंतु नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर कारण निराळे असते. सातपुड्याचे पाणी शहरात आणण्यासाठी १६१५ साली बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारांत भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात. असे चुनखडीचे पाणी सतत घातल्याने झाडास मातीतील लोह घेता येत नाही. त्यावर नव्या पालवीच्या वेळी चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून द्यावा.

पानांखाली बारीक जाळी दिसल्यास ती लाल कोळ्याची समजावी. पाने पाण्याने धुऊन साबणाच्या पाण्यात मिसळलेले निंबोळी तेल फवारावे.

जानेवारीच्या अखेरीस फांद्या एकतृतीयांश छाटाव्यात, माती हलवून मूठभर जुने शेणखत द्यावे व पाणी हळूहळू वाढवावे. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्यावर येतात. म्हणून ही छाटणी निर्दयपणा नव्हे. कुंद मात्र हिवाळ्यातच फुलतो. त्यास ताण देऊ नये आणि त्याची छाटणी बहर संपल्यावरच करावी.

शेवटी एक विनंती. वठल्यासारखे दिसणारे रोप टाकण्यापूर्वी त्याची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले, तर ते झाड जिवंत आहे. होळीपर्यंत वाट पाहण्याचा धीर आपण धरला पाहिजे. चैत्रात त्याच्या कळ्या त्याच माउलीच्या ओंजळीत पडतील.