वाळू गाते, म्हणून ती जिवंत?

कतारमध्ये दोह्याच्या नैर्ऋत्येला, साधारण ४० किलोमीटरवर, वाळूच्या अर्धचंद्राकृती टेकड्या आहेत. कोरड्या हवेत उतारावरून वाळू ढासळली की त्या घुमतात. लांबून विमान येत असावे तसा, खर्जातला आवाज. सुट्टीच्या शुक्रवारी मराठी मंडळीही मुलाबाळांना घेऊन तिथे जातात, आणि आवाज ऐकून दचकलेल्या मुलांना एखादे काका हमखास सांगतात, "बघा, वाळूतसुद्धा जीव आहे!"

काकांच्या मागे थोर माणसे उभी आहेत. जैन दर्शन पृथ्वीकायिक एकेंद्रिय जीव मानते. लायब्निझने १७१४ मध्ये 'मोनॅडॉलॉजी' लिहिली आणि विश्वाच्या बुडाशी चिदणू बसवले: अविभाज्य आणि आपापल्या परीने जगाचे भान असलेले. आज फिलिप गॉफसारखे तत्त्वज्ञ सर्वचेतनावाद, म्हणजे सगळ्या वस्तूंत चेतनेचा अंश असतो हे मत, नव्या दमाने मांडत आहेत. तेव्हा हसून सोडून देण्यासारखे हे मत नाही. पूर्वपक्ष आधी नीट मांडायचा, ही आपली जुनी शिस्तच आहे.

लायब्निझ म्हणतो, समुद्राची गाज ऐकू येते त्या अर्थी प्रत्येक लाटेचा आवाज किंचित तरी आपल्यापर्यंत पोचत असला पाहिजे. लाखभर शून्यांची बेरीज शून्यच होईल. त्याला सिद्ध करायच्या होत्या आपल्या ध्यानात न येणाऱ्या सूक्ष्म संवेदना. सर्वचेतनावादी तोच हिशेब पुढे नेतात: जड अणूंच्या बेरजेतून मन निघणार नाही, म्हणून अणूतच मनाचा अंश हवा.

हा हिशेब कतारच्या वाळूत फसतो. एकटा कण गात नाही, अगदी हळूही नाही. कण कोरडे, घासून गोल झालेले आणि जवळपास एका मापाचे असावे लागतात. उतार पुरेसा उंच आणि तीव्र लागतो. मग ढासळणाऱ्या थरातले कण एका तालात एकमेकांवर आदळतात आणि टेकडी घुमते. हवेत दमटपणा आला की गाणे बंद. स्वर कशाने ठरतो, कणांच्या आकाराने की टेकडीच्या आतल्या थरांनी, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण कणात गवई बसला आहे असे त्यांच्यातले कोणीही म्हणत नाही.

प्रतिपक्षाचे यावरचे उत्तर मात्र दमदार आहे. ध्वनी म्हणजे शेवटी हालचालच, आणि हालचाल कणातही असते. वेदना ही निराळ्या जातीची गोष्ट, ती हालचालीतून कशी निघेल? हा प्रश्न खरा आहे आणि तो सुटलेला नाही. पण चिदणू मानून तो सुटतो का? मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्येच हा पेच दाखवला: बारा माणसांना एका वाक्यातला एकेक शब्द द्या, प्रत्येकाला आपापल्या शब्दाचा हवा तेवढा विचार करू द्या, पूर्ण वाक्याची जाणीव कुठेच उमटणार नाही. अब्जावधी चिमुकली मने मिळून माझी एक दाढदुखी कशी होते, हे सर्वचेतनावाद्यालाही सांगता येत नाही. म्हणजे जुने कर्ज तसेच, वर नवे. लायब्निझला हे ठाऊक होते. त्याच्या लेखी नुसता ढीग म्हणजे एक वस्तूच नव्हे. टेकडीला जीव आहे हे त्यानेही मान्य केले नसते.

जगदीशचंद्र बोस यांचा दाखलाही नेहमी पुढे येतो. १९०२ च्या ग्रंथात त्यांनी धातूही उत्तेजनेला विद्युत प्रतिसाद देतात, 'थकतात', हे दाखवले. प्रयोग देखणे होते. पण प्रतिसाद दारावरची घंटाही देते.

मग चेतना शोधायची कुठे? कतारच्या खारट जमिनीत जिप्समचे 'वाळवंटी गुलाब' वाढतात. गुलाबाची पाकळी मोडली तर गुलाबाचे काहीच बिघडत नाही. उंटाच्या पायात काटा मोडला तर उंटाचे बिघडते. स्वतःला टिकवण्याची धडपड करणारी, जिचे काही बरेवाईट होऊ शकते अशी रचना जिथे आहे, तिथेच मनाचा शोध घ्यावा. भूतांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य येते, हे चार्वाकांनी म्हटलेच होते. कसे येते ते त्यांनाही सांगता आले नाही, पण त्यांनी बोट योग्य जागी ठेवले.

उरला भावनिक युक्तिवाद: सगळ्यात जीव मानला की माणूस दयाळू होतो. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करायला बंदी आहे. उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवावे लागते. हा नियम चराचरातल्या चैतन्याच्या चिंतनातून आलेला नाही. उन्हात राबणाऱ्या मजुरांच्या शरीरांची मोजमापे घेतली गेली, त्यांच्या हालांची चर्चा झाली, तेव्हा कुठे तो आला. वाळूच्या सुखदुःखाचे असे एक तरी मोजमाप सर्वचेतनावाद्यांनी दाखवावे. मग पुढचे बोलू.