सेकंड हँड स्पोर्टी गाडी घेताय? टेस्ट ड्राइव्हला स्कॅनर सोबत न्या

"सर, डॉक्टरांची गाडी आहे. सिंगल ओनर, ४२ हजार किलोमीटर. आणि भावाचं म्हणाल तर आता कमी होणार नाही. जुन्या गाडीवर जीएसटी १२ चा १८ टक्के झालाय, पेपरात वाचलं असेल तुम्ही."

पुण्यात जुनी टर्बो-पेट्रोल हॅचबॅक शोधत फिरताना एका डीलरकडे मला हे ऐकायला मिळालं. गाडी २०१८ ची, ऑटोमॅटिक, लाल रंगाची, आतून-बाहेरून चकाचक. सांगितलेली किंमत ५ लाख ९० हजार, आणि वर "जीएसटीचे" म्हणून ३५ हजार. हिंजवडीतल्या नोकरीतून तीन वर्षं साठवलेले पैसे होते, कर्ज काढायचं नव्हतं. टोकन म्हणून २० हजार द्यायला मी मोबाईल हातात घेतलाही होता. तेव्हा थांबलो, म्हणून हा लेख लिहितोय. गाडी कोणत्या कंपनीची आणि डीलर कोण, हे सांगत नाही, कारण हा प्रकार कुठल्याही गाडीत होऊ शकतो.

आधी जीएसटीचं गणित

२१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरमध्ये जीएसटी कौन्सिलची ५५ वी बैठक झाली. त्यात जुन्या गाड्यांवरचा दर सरसकट १८ टक्के करायचं ठरलं. मोठ्या गाड्यांना तो आधीपासूनच होता, छोट्या गाड्या आणि इलेक्ट्रिक गाड्या १२ टक्क्यांवर होत्या. बातमी आली आणि सोशल मीडियावर गोंधळ उडाला. बऱ्याच जणांचा समज झाला की आता गाडी विकली की पूर्ण किमतीवर १८ टक्के कर भरावा लागणार.

तसं नाही. हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने भरायचा असतो, आणि तोही त्याच्या मार्जिनवर. समजा डीलरने गाडी ५ लाख ३० हजारांना घेतली आणि ५ लाख ९० हजारांना विकली. मार्जिन ६० हजार. त्यावर १२ टक्क्यांनी ७,२०० रुपये होत होते, १८ टक्क्यांनी १०,८०० होतात. फरक ३,६०० रुपयांचा. माझ्याकडे मागितले जात होते ३५ हजार. तुम्ही तुमची गाडी शेजारच्या काकांना विकली तर हा कर लागतच नाही.

त्यानंतरची बातमी तर भाव खाली आणणारी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सेस गेला. छोटी गाडी म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत. नवी गाडी स्वस्त झाली की त्याच वर्गातल्या जुन्या गाडीचा भाव चढा ठेवणं अवघड होतं. त्यामुळे "जीएसटीमुळे महाग" हे वाक्य कानावर पडलं की खरेदीची किंमत विचारा. आकडा खरा सांगणार नाहीत, पण ३५ हजार लगेच गायब होतात. माझे झाले.

मग स्पोर्टी गाड्याच एवढ्या चढ्या भावात का?

कारण माल कमी आहे. फोक्सवॅगन पोलो २०२२ मध्ये भारतात बंद झाली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. बलेनो आरएस बीएस-६ च्या वेळी २०२० मध्ये गेली. १४५ बीएचपीची अबार्थ पुंटो तर आता क्वचितच दिसते. नव्या गाड्यांमध्ये या वर्गात आय-२० एन लाइनसारखी मोजकीच नावं उरली आहेत. ज्याला कमी बजेटमध्ये टर्बो हॅचबॅक हवी आहे तो जुन्या बाजारातच येणार, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं.

दुसरी गोष्ट अशी की साधी हॅचबॅक ऑफिस आणि भाजी मंडई करत म्हातारी होते. टर्बो गाडीचं आयुष्य वेगळं असू शकतं. रोज सकाळी थंड इंजिनवर ताण, घाटात रेस, वर कुणीतरी लॅपटॉप लावून केलेला 'रिमॅप'. रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून टर्बोचं प्रेशर वाढवणं. विकायच्या वेळी मूळ प्रोग्रॅम परत टाकता येतो. क्लच आणि टर्बोने मधल्या काळात जे सोसलेलं असतं, ते मात्र तसंच राहतं.

कायदा कागद सांभाळतो, किलोमीटर नाही

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नवे नियम लागू आहेत. डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद ऑनलाइन होते, आणि गाडी त्याच्याकडे असेपर्यंत जबाबदारी त्याची. टेस्ट ड्राइव्हसकट प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणंही त्याला बंधनकारक आहे. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, "दादा, तुमचं प्रमाणपत्र दाखवता का?" एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधी संपतो हे दिसतं. ई-चलनं वेगळी तपासा.

पण गाडी किती चालली आहे, हे यात कुठेच नाही. बेल्जियममध्ये २००६ पासून 'कार-पास' आहे. तिथे गॅरेजमध्ये गेलेल्या गाडीचं रीडिंग नोंदवलं जातं आणि तो दाखला दिल्याशिवाय जुनी गाडी विकता येत नाही. आपल्याकडे गाडी घेणाऱ्याला पाहता येईल अशी नोंद नाही. वाहन डेटाबेस आहे, सर्व्हिस सेंटरची बिलं कॉम्प्युटरवर आहेत, विमा कंपन्यांकडे तपासणीचे फोटो आहेत. हे सगळं एकमेकांशी जोडलेलं नाही, एवढाच प्रश्न आहे. मीटरचं रीडिंग डॅशबोर्डमधल्या एका मेमरी चिपमध्ये साठवलेलं असतं, आणि योग्य उपकरण असेल तर ते मागे घेता येतं.

गाडीलाच विचारा

एप्रिल २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या खाली एक १६ पिनांचं पोर्ट असतं, ओबीडी-२. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो, मोबाईलवर ॲप टाकलं की झालं. बहुतेक जण फक्त "एरर कोड आहे का" एवढंच बघतात. विकणाराही तेवढंच बघतो, आणि आदल्या दिवशी कोड पुसून टाकतो.

पण कोड पुसले की त्याचाही माग राहतो. इंजिनचा कॉम्प्युटर तीन गोष्टी सांगतो:

१. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. ही संख्या दोन बाइटमध्ये असते, म्हणजे कमाल ६५,५३५.

२. कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा थंडचं गरम झालं. ही एका बाइटमध्ये, कमाल २५५.

३. 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत का. कोड पुसले की या चाचण्या शून्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला बऱ्याचदा काही दिवसांचं ड्रायव्हिंग लागतं.

माझ्या लाल गाडीचं उत्तर होतं: ११ किलोमीटर, एकदा गरम, कॅटॅलिटिकची चाचणी अपूर्ण. मी डीलरला विचारलं. तो म्हणाला, "बॅटरी नवी टाकली सर, म्हणून." हे खरंही असू शकतं, काही गाड्यांत बॅटरी काढली की ही माहिती जाते. त्यामुळे एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. एवढंच म्हणा की मग मोठी टेस्ट ड्राइव्ह हवी.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे प्रयोग

पहिल्या दिवशी मी पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. मी सांगितलं, उद्या सकाळी आठला येतो, त्याआधी गाडी सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना येणारा खडखडाट आणि सायलेन्सरमधून निघणारा निळा धूर गरम इंजिनवर बऱ्याचदा दिसत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

त्यानंतर काय करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी ट्रॅफिक. कोरड्या ड्युअल क्लचची ऑटोमॅटिक गाडी असेल तर मोकळ्या रस्त्यापेक्षा वाकडच्या सिग्नलवर जास्त कळतं. मुंगीच्या गतीने सरकताना क्लच सारखा घासतो आणि तापतो. पंधरा-वीस मिनिटांनी झटके, थरथर सुरू होते का बघा. मॅन्युअल असेल तर क्लच किती वर पकडतो ते बघा.

मग चढ. मी चांदणी चौकाचा चढ घेतला. टर्बो तपासायला वेग लागत नाही, भार लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, चढावर ॲक्सिलरेटर दाबा आणि शेजारी बसलेल्या मित्राला ॲपवर मॅनिफोल्ड प्रेशर बघायला सांगा. इंजिन बंद, चावी ऑन असताना हे रीडिंग बाहेरच्या हवेचं असतं, पुण्याच्या उंचीवर सुमारे ९५ किलोपास्कल. भार पडल्यावर ते त्याच्या बरंच वर जायला हवं. जात नसेल तर टर्बो किंवा कुठला तरी पाइप गळतोय. हायवेवर १४० मारून दाखवायची हौस विकणाऱ्याला असते, त्यातून काही कळत नाही आणि जीव मात्र धोक्यात येतो.

तिसरं, फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय, तो हा आकडा. इथे ई-२० ची बातमी कामाला येते. निव्वळ पेट्रोलला किलोमागे १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलं की साधारण १३.५. म्हणून ई-१० साठी बनलेली जुनी गाडी आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर चार-पाच टक्के जास्त इंधन सोडताना दिसेल, त्यात बिघाड नाही. १०-१५ टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र हवेची गळती किंवा इंजेक्टरचा संशय घ्या. मायलेजही थोडं कमीच धरा. ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींमध्ये ६-७ टक्के घट येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. एप्रिल २०२३ आधीची गाडी असेल तर रबरी पाइप आणि सील बघून घ्या, मॅन्युअलमध्ये कोणतं इंधन चालतं ते वाचा.

शेवटी टायर. बाजूवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. ४२ हजार चाललेल्या गाडीला मूळचेच टायर असणं शक्य आहे. माझ्या गाडीला चारही टायर २०२४ चे होते.

निकाल

३२ किलोमीटर झाल्यावर मी पुन्हा स्कॅन केलं. एक 'पेंडिंग' कोड आला होता, पी-०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दिवा अजून लागला नव्हता. मी मूळ मालकाच्या परवानगीने सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री मागितली. डीलर दोन दिवस "बघतो सर" म्हणाला. तिसऱ्या दिवशी हिस्ट्री आली, त्यात २०२२ मधल्या बिलावरच रीडिंग ५८ हजार होतं. मीटरवर आज ४२. मी कागद दाखवला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे अशीच आली होती सर." कदाचित खरंही असेल. तो खोटं बोलला की त्याच्याशी कुणी खोटं बोललं, हे ठरवायला माझ्याकडे काहीच साधन नव्हतं. किलोमीटरची नोंद सार्वजनिक असती तर हा प्रश्नच आला नसता.

स्कॅनरला सगळं कळत नाही, हेही सांगतो. अपघात, पुराचं पाणी, वाकलेली चॅसी, सस्पेन्शनचे आवाज, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी गाडी लिफ्टवर चढवून अनुभवी मेकॅनिकला दाखवाच. माझ्यासोबत आमच्या गल्लीतले गॅरेजवाले काका आले होते. त्यांनी ॲपकडे बघितलंही नाही. दाराच्या कडेवरून बोट फिरवून म्हणाले, "हे दार रंगवलंय."

महिनाभराने मी एका मालकाकडून थेट गाडी घेतली. २०१७ ची, मॅन्युअल, बंपरला ओरखडे, मीटरवर ७१ हजार. कोड पुसल्यापासून ९,४०० किलोमीटर, सगळ्या चाचण्या पूर्ण, आणि मीटर बिलांशी जुळणारा. आईला पसंत पडली नाही, म्हणाली, "एवढे पैसे देऊन जुनाट काय आणलंस?" लाल गाडी अजून विकायला आहे. परवा जाहिरात पाहिली, किंमत ५ लाख ७५ हजार, आणि ४२ हजार किलोमीटर.