विश्लेषण : गेम, ई-स्पोर्ट की जुगार? वाद घालण्याआधी पैसा कुठे जातो ते पाहा

गणेशोत्सवातल्या जागरणाच्या रात्री पत्त्यांचे डाव रंगणे पेण आणि रोहा तालुक्यांतील घरांना नवे नाही. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याच्या पाच दिवस आधी, पेणच्या कारखान्यांतून शेवटच्या मूर्ती बाहेर पडत असताना, मोबाइलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर आणि नाक्यावरच्या गप्पांत तीन वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. ‘रमी बंद, मग बीजीएमआय का चालू?’, ‘रमीला डोके लागते, तो जुगार कसा?’ आणि ‘सगळेच गेम बंद करा.’ तिन्ही वाक्यांत थोडे तथ्य आहे. पण वाद तिथेच फिरत राहिला तर खिशातून जाणारा पैसा आणि तो परत मागण्याचा मार्ग, हे दोन्ही मुद्दे बाजूला पडतात.

कायद्याने नेमके काय बंद केले?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५’ हे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी मंजूर झाले. २१ ऑगस्टला राज्यसभेची मंजुरी आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने ऑनलाइन खेळांचे तीन गट केले. पहिला ई-स्पोर्ट, म्हणजे ठरलेल्या नियमांनी होणारी, मान्यता आणि नोंदणी असलेली स्पर्धा. दुसरा सोशल गेम, म्हणजे करमणुकीचा खेळ. त्यासाठी कंपनी वर्गणी घेऊ शकते, पण जिंकल्यावर पैसे मिळत नाहीत. तिसरा मनी गेम. पैसे किंवा पैशांत बदलता येणारी नाणी, टोकन लावायची आणि त्याहून जास्त पैसे मिळण्याची आशा धरायची, असा कोणताही ऑनलाइन खेळ या गटात येतो.

बंदी फक्त तिसऱ्या गटावर आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशांचा व्यवहार करून देणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्याही कक्षेत आहेत. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायदा त्याला गुन्हेगार न मानता पीडित मानतो. घरातल्या मुलाने किंवा नवऱ्याने पैसे घालवले तर तक्रार करायला घाबरण्याचे कारण नाही, हा त्याचा सरळ अर्थ आहे आणि तो अजून पुरेसा पोहोचलेला नाही.

‘कौशल्य की नशीब’ हा वाद कुठून आला?

तो मोबाइलपेक्षा फार जुना आहे आणि त्याची मुळे मुंबई इलाख्यात आहेत. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही, असे त्यात म्हटले आहे. या एका सवलतीवर पुढची सव्वाशे वर्षे वकिली झाली.

सर्वात बोलके प्रकरण शब्दकोड्यांचे. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कंपनीची बक्षिसाची शब्दकोडी बंगळूरहून छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकातून यायची आणि तत्कालीन मुंबई राज्यातले लोक प्रवेश फी भरून ती सोडवायचे. एकाच जागी दोन शब्द बसायचे, पण आयोजकाने आधीच ठरवलेला शब्द लागला तरच बक्षीस. साप्ताहिक दुसऱ्या राज्यात छापले जाते, मग मुंबईचा कायदा आम्हाला कसा लागू, असा कंपनीचा सवाल होता. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई सरकारच्या बाजूने निकाल दिला. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच दिवशी दुसऱ्या निकालात मात्र कौशल्याच्या स्पर्धा वेगळ्या असल्याचेही स्पष्ट केले. आज साप्ताहिकाच्या जागी परदेशातला सर्व्हर आला आहे. प्रश्न तोच आहे.

पुढे सर्वोच्च न्यायालयानेच रमीत मुख्यतः कौशल्य असते असे म्हटले आणि अ‍ॅप कंपन्यांनी त्यालाच आपली ढाल केली. दुसरीकडे मुंबईत साठच्या दशकात मटका फोफावला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लागणाऱ्या पैजांतून तो जन्मला आणि कोकणातल्या गावोगावी ‘आकडा’ म्हणून पोहोचला. आकड्याला कोणी कौशल्य म्हटले नाही, म्हणून तो चोरून चालला. अ‍ॅपवरच्या रमीला कौशल्य म्हटले गेले, म्हणून ती क्रिकेट सामन्यांच्या जाहिरातींत झळकली. हरणाऱ्याच्या घरात दोन्हींचा परिणाम सारखाच.

नव्या कायद्याने हा वादच बाद केला आहे. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो किंवा दोन्हींचा, पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर तो मनी गेम. त्यामुळे ‘रमीला डोके लागते’ हा मुद्दा खरा असला तरी या कायद्यापुरता गैरलागू आहे. तो न्यायालयात टिकेल का, हा वेगळा प्रश्न. कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयांतील आव्हान याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. आव्हान देणाऱ्यांत ऑनलाइन कॅरमची कंपनीही आहे.

मग बीजीएमआय का चालू?

कारण आधीच्या बंदीचा पायाच वेगळा होता. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅप बंद झाली, ती देशाची सुरक्षा आणि माहितीची गोपनीयता या कारणांनी. मुले बिघडतात म्हणून किंवा जुगार आहे म्हणून नव्हे. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये वेळेच्या मर्यादेसह परत आला. अल्पवयीनांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास. या खेळात बंदुकीची नक्षी किंवा कपडे विकत घेता येतात, पण जिंकलेले रोख पैसे खात्यात येत नाहीत. म्हणून तो मनी गेम ठरत नाही.

याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा नव्हे. झोप, अभ्यास, चिडचिड हे प्रश्न खरे आहेत. पण ते घरात आणि शाळेत वेळेच्या शिस्तीने सोडवायचे आहेत. दोन्ही प्रश्न एकाच पोत्यात भरले की खेळण्याची सवय असलेला मुलगा आणि कर्जात बुडालेला कामगार एकाच रांगेत उभे राहतात आणि दोघांनाही उपयोगी सल्ला मिळत नाही.

मंडळाने मोबाइल स्पर्धा भरवली तर?

हा प्रश्न गावपातळीवर सर्वात महत्त्वाचा आहे. रायगड जिल्ह्यात कबड्डी आणि टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांत संघांकडून प्रवेश फी घेऊन रोख बक्षीस देण्याची रूढ पद्धत आहे. मैदानावरच्या खेळाला हा कायदा लागू नाही. पण तीच पद्धत मोबाइलच्या स्पर्धेला लावली तर अडचण येऊ शकते. प्रवेश फी आणि रोख बक्षीस चालते ते मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत ई-स्पोर्टला. नोंदणी नसलेल्या ऑनलाइन स्पर्धेत फी घेऊन त्यातून बक्षीस वाटले, तर ती मनी गेमच्या व्याख्येत ओढली जाण्याचा धोका आहे. हौसेने स्पर्धा भरवणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलेले नसते. सुरक्षित मार्ग सोपा आहे : प्रवेश विनामूल्य ठेवा आणि बक्षीस देणगीदाराकडून घ्या.

कायद्याची लंगडी बाजू कोणती?

पहिली, नशिबाचे खोके. अनेक गेममध्ये पैसे देऊन बंद पेटी उघडायची असते आणि आत काय निघेल ते माहीत नसते. रोख मिळत नाही म्हणून ही पेटी मनी गेमच्या व्याख्येबाहेर राहते, पण तिचे आकर्षण मटक्याच्या आकड्यासारखेच आहे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवले. आपल्याकडे या विषयावर चर्चाही होत नाही.

दुसरी, बंदीनंतरची पळवाट. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले, पण परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या साइट नाव बदलून येत राहतात. प्ले स्टोअरवर नसलेले अ‍ॅप लिंकवरून एपीके फाइलने मोबाइलमध्ये घालायचे आणि टेलिग्रामवरच्या एजंटला यूपीआयने पैसे पाठवायचे, असा तो मार्ग. पैसे एजंटच्या नव्हे, तर भाड्याने घेतलेल्या कुणा तिसऱ्याच्या खात्यात जातात. ‘तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो’ असे कुणी महाविद्यालयीन मुलाला किंवा धाटावच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला सांगितले, तर ते हे भाड्याचे खाते असू शकते. खेळणाऱ्याला कायद्याने सोडले आहे. खाते देणारा मात्र फसवणुकीच्या तपासात आरोपी होऊ शकतो.

पैसा गेला तर दाद कुठे मागायची?

पैसा अडकणे म्हणजे काय, हे पेणला कुणी शिकवायला नको. सप्टेंबर २०१० मध्ये पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि हजारो ठेवीदारांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. पण तिथे निदान इमारत होती, संचालकांची नावे होती, मोर्चा नेण्यासाठी दार होते. एपीकेवरच्या सट्ट्याला पत्ताच नसतो. म्हणून वेळ हेच हत्यार आहे. फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट आणि एजंटचे संदेश पुसू नयेत. लाजेपोटी घरात आठवडा गेला की रक्कम चार खाती ओलांडून गेलेली असते.

ही चर्चा कुठे व्हायला हवी होती?

संसदेत. तिथे ती जवळपास झालीच नाही. गदारोळात, आवाजी मतदानाने, दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले. ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसते आणि २० हजार कोटींहून अधिक रुपये बुडतात, असे सरकारने सांगितले. दोन लाख नोकऱ्या जातील, असे उद्योगाने सांगितले. दोन्ही आकडे तपासण्याची जागा संसदीय समिती होती आणि विधेयक तिकडे गेलेच नाही.

महाराष्ट्रात तर याच्या महिनाभर आधी वेगळेच नाट्य घडले. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत २० जुलैला समोर आली. त्यांनी आरोप नाकारला. काही दिवसांत त्यांच्याकडून कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले आणि समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला. रमी अ‍ॅप, त्यांच्या जाहिराती आणि कर्जबाजारी झालेली घरे यांवर चर्चेची ती संधी होती. ती विनोदांत वाहून गेली.

ऑनलाइन चर्चेने काहीच होत नाही, असे मात्र नाही. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने इंटरनेट समानतेवर मते मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे डेटा दर लावायला मनाई केली. युरोपात कंपन्यांनी विकलेले गेम नंतर बंद पाडू नयेत, या मागणीसाठी खेळाडूंनी २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या. दोन्हीकडे मागणी नेमकी होती आणि ती योग्य पत्त्यावर गेली.

नव्या गेमिंग कायद्याच्या नियमांचा मसुदाही २ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झाला आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत ईमेलने मते मागवली गेली. त्या महिन्यात पेण-रोह्याच्या गटांवर रमीबद्दल जेवढे संदेश फिरले असतील, त्यातले चार जरी त्या पत्त्यावर गेले असते तरी गावच्या स्पर्धांचा किंवा बंद पेट्यांचा प्रश्न सरकारदरबारी पोहोचला असता. दोष केवळ लोकांचा नाही. ज्या नियमांचा परिणाम तालुक्याच्या गावांवर होणार, त्यांचा मसुदा मराठीत आणि सोप्या शब्दांत मिळायला हवा. तसा आग्रह आपल्या आमदार-खासदारांनी धरायला हवा.

तोवर पुढच्या वेळी ‘गेम’ या विषयावर वाद सुरू झाला तर आधी तीन प्रश्न विचारा. खेळणारा पैसे लावतो का? जिंकल्यावर पैसे मिळतील असे त्याला सांगितले आहे का? आणि पैसे बुडाले तर तक्रार करायला कुणाचे नाव-पत्ता आहे का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल, तर तो मनी गेम आहे, त्याला कौशल्य म्हणा की नशीब. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे वाद घालत बसू नका. मोबाइल हातात आहेच, १९३० लावा.