भाष्याविना सूत्र

मुक्तस्रोत संगणकप्रणाली घडवणाऱ्यांत एक विधान प्रौढीने केले जाते : उत्तम आज्ञावली हेच तिचे स्पष्टीकरण. आम्हांस हे आळसाचे समर्थन वाटते. आज्ञावली वाचून यंत्र काय करणार हे कळते. ते तसेच का करावे, कोणता मार्ग अजमावून सोडून दिला, कोठे हात लावू नये, हे कळत नाही. ते ज्ञान कर्त्याच्या डोक्यात असते आणि कर्ता प्रकल्प सोडून गेला की त्याच्याबरोबर जाते.

उणीव सर्वांस ठाऊक आहे. गिटहबच्या २०१७ सालच्या पाहणीत ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या वा कालबाह्य दस्तऐवजांची अडचण नोंदवली. मात्र ६० टक्के योगदानकर्ते दस्तऐवजांत क्वचितच वा कधीच भर घालत नव्हते. मग स्रोत खुला ठेवून साधले काय? परवाना बदल करण्याचा अधिकार सर्वांना देतो. व्यवहारात तो आधीच आत असलेल्या मूठभरांपुरता उरतो.

लिहायला वेळ नाही, ही सबबही टिकत नाही. अमेरिकेतील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेली जँगो ही प्रणाली २००५ साली खुली झाली. तिचे दस्तऐवज आज्ञावलीच्याच भांडारात राहतात. नवी सोय सुचवणाऱ्याने तिचे स्पष्टीकरणही सोबत द्यावयाचे असते. नवशिक्यासाठी पाठ, अडलेल्यासाठी कृती, जाणत्यासाठी संदर्भ आणि जिज्ञासूसाठी विवेचन, असे विभागही तेथे वेगळे आहेत. कोश आणि बालबोध पुस्तक एकत्र बांधले तर दोन्ही निरुपयोगी होतात, हे साहित्याच्या अध्यापकांस वेगळे सांगावयास नको.

आज्ञावली माणसांनी वाचण्यासाठी लिहावी, हा आग्रह डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ सालीच धरला आणि १९८६ साली टेक प्रणालीची संपूर्ण आज्ञावली विवेचनासह ग्रंथरूपाने छापली. आपल्याकडे तर पाणिनीच्या सूत्रांमागे कात्यायनाची वार्तिके आणि पतंजलीचे महाभाष्य उभे आहे. भाष्यकाराला तेथे कोणी दुय्यम मानले नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. स्पष्टीकरणाविना आलेली भर प्रकल्पांनी परत पाठवावी. दस्तऐवज लिहिणाऱ्याचे नाव आज्ञावलीकाराच्या बरोबरीने नोंदवावे. आणि साहित्याच्या विभागांनी या लेखनाला कारकुनी समजणे सोडून द्यावे. अनोळखी वाचकाला नेमके समजेल असे लिहिणे हीच गद्याची पहिली कसोटी आहे.