घरदुरुस्तीचें बिल आणि कराचा दर

घराची दुरुस्ती काढली कीं घरांतील सर्वांचें लक्ष कवेलू, पत्रे, फरशी आणि मजुरी यांजकडे असतें. बिलाच्या तळाशीं असलेल्या करांच्या ओळींकडे सहसा कोणी पाहत नाहीं. भाजीवालीशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करणारीं माणसें तेथें मात्र हजारोंची रक्कम "ती सरकारची" म्हणून निमूटपणें देतात. ती खरोखरच सरकारची आहे काय, आणि असल्यास तेवढीच आहे काय, हा प्रश्न विचारण्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

मेळघाटांतील धारणी येथील एका एकत्र कुटुंबाचें असेंच एक बिल आमच्याकडे विचारासाठीं आलें आहे. २०२५ सालच्या उन्हाळ्यांत, पावसाच्या आधीं, त्यांनीं जुन्या घराचे कवेलू उतरवून पत्रे घातले, भिंतींची छपाई केली, आणि माजघरांत नवी फरशी बसविली. सामान व मजुरी दोन्ही ठेकेदाराकडे. काम झालें २,४०,००० रुपयांचें. त्यावर ठेकेदारानें २८ टक्के कर लावला, म्हणजे ६७,२०० रुपये. घरांतील वडील चुलते निवृत्त शिक्षक, आणि ठेकेदार त्यांचाच जुना विद्यार्थी. "गुरुजी, सिमेंटावर अठ्ठावीसच लागतो," एवढें त्यानें सांगितलें आणि गुरुजींनीं मान डोलावली. हरकत घेतली ती सामाईक खर्चाची वही सांभाळणाऱ्या थोरल्या जाऊबाईंनीं. कागदावर सिमेंटाचा आंकडा किती, आणि कर मजुरीवरसुद्धां अठ्ठावीस कसा, असें त्यांनीं विचारलें. मग पुतण्यांनीं आपली निराळी मांडणी केली : रेतीवर ५ टक्के, पत्र्यांवर व फरशीवर १८, सिमेंटावर २८, आणि मजुरीवर शून्य. गुरुजींचें म्हणणें, ज्याला आपण शिकविलें त्याच्याशीं टक्क्यांवरून वाद घालणें शोभत नाहीं. घर दोन तटांत विभागलें, आणि बिल देव्हाऱ्याजवळच्या खणांत पडून राहिलें.

आमच्या मतें ठेकेदाराचा हिशेब चुकीचा आहे, आणि पुतण्यांचाही. कारण वादाचें मूळ टक्क्यांत नसून, या घरानें विकत काय घेतलें यांत आहे. सिमेंट, रेती आणि पत्रे घेतले, कीं दुरुस्त झालेलें घर घेतलें?

हा प्रश्न वऱ्हाडास नवा नाहीं. विक्रीकराच्या वादांत आपला प्रांत फार पूर्वींपासून पुढें आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडानें १९३८ सालीं पेट्रोल व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर ५ टक्के कर बसविला, तेव्हां ही जकात आहे कीं विक्रीकर, असा तंटा निघाला. नव्यानें स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाकडे मतासाठीं गेलेलें तें पहिलेंच प्रकरण. सर मॉरिस ग्वायर, न्या. सुलेमान आणि आपले बॅ. मुकुंदराव जयकर यांनीं प्रांताचा अधिकार मान्य केला. पुढें १९४७ सालीं मध्यप्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा आला. त्यांतील "कंत्राट" या शब्दाच्या व्याख्येंत इमारतीचें बांधकाम तर होतेंच, पण सुधारणा आणि दुरुस्तीही नांव घेऊन घातलेली होती. धारणीच्या या बिलासारखीं कामें त्याच व्याख्येंत बसत.

ठेकेदारांनीं यावर हरकत घेतली कीं, आम्ही विटा विकत नाहीं, काम करून देतों. बनारसीदास भनोत यांचा मध्यप्रदेश सरकाराशीं झालेला खटला याच कायद्याखालचा. त्याच सुमारास मद्रासचा गॅनन डंकर्ली कंपनीचा खटलाही सर्वोच्च न्यायालयांत होता. १९५८ सालीं निर्णय लागला तो असा : एकसंध बांधकामाच्या करारांत मालाची वेगळी विक्री नसते, म्हणून राज्यांना त्यावर विक्रीकर बसवितां येत नाहीं, माल विकण्याचा स्वतंत्र करार असेल तर गोष्ट निराळी. तोंपर्यंत वऱ्हाड मध्यप्रदेशांतून निघून मुंबई राज्यांत आला होता, पण तत्त्व सर्व देशास लागू झालें. जवळजवळ पाव शतक तें टिकलें. मग १९८२ सालच्या शेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें कामाच्या करारांतील मालाला "विक्री" मानण्याची मुभा राज्यांना दिली, आणि एकाच बिलाचे माल आणि मजुरी असे दोन भाग करण्याचा उद्योग सुरू झाला. पुतण्यांची मांडणी, नकळत कां होईना, त्या काळाची आहे. त्या काळींही ती गृहस्थाच्या सोयीची होतीच असें नाहीं. २००६ ते २०१० या काळांत घेतलेल्या फ्लॅटांवरील मूल्यवर्धित कर २०१२ सालीं, घरांत राहावयास जाऊन वर्षें लोटल्यावर, मुंबई-पुण्याच्या कुटुंबांकडे मागण्यांत आला, हें पुष्कळांना आठवत असेल.

१ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर, ज्याला बोलण्यांत जीएसटी म्हणतात, तो आला आणि त्यानें ही गांठ एका घावांत सोडविली. स्थावर मिळकतीचें बांधकाम, सुधारणा अथवा दुरुस्ती, सामानासह एकाच करारानें केलेली, ही समग्र एक सेवा मानली जाते. तिचा एक दर, आणि घरगुती दुरुस्तीस तो १८ टक्के. रेतीचे पांच किंवा सिमेंटाचे अठ्ठावीस या बिलांत शिरतच नाहींत. सिमेंटावर ठेकेदारानें जो कर भरला, तो त्याला आपल्या देण्यांतून वजा मिळतो. समजा, त्यानें ४०,००० रुपयांचें सिमेंट घेतलें. त्यावरील ११,२०० रुपये त्याच्या खात्यांतून वळते होतात. तो भार दुसऱ्यांदा गुरुजींच्या घरावर टाकण्यास आधार नाहीं. (सिमेंटाचा दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ झाला आहे, त्यामुळें ही सबब यापुढें ऐकूं येऊं नये.)

तेव्हां योग्य कर ४३,२०० रुपये. जास्त घेतलेले २४,०००. वहींत ही रक्कम लहान दिसत नाहीं.

मात्र जाऊबाईंनीं विचारावयाचा पहिला प्रश्न "अठ्ठावीस कां" हा नव्हे. "आपला नोंदणी क्रमांक कोणता" हा आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आंत असेल तर आपल्या राज्यांत त्याला नोंदणीची सक्ती नाहीं, आणि नोंदणी नसलेल्यास कराच्या नांवाखालीं एक पैसाही घेतां येत नाहीं. धारणीसारख्या ठिकाणीं असे गवंडी-मिस्त्री पुष्कळ. दुसरा वर्ग आपसमेळ योजनेंतील, म्हणजे कंपोझिशनवाल्यांचा. ते आपल्या उलाढालीवर स्वतः कर भरतात, पण गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेऊं शकत नाहींत, आणि तसें बिलावर छापणें त्यांना बंधनकारक आहे. वेगळा कर मागण्याचा अधिकार उरला तो फक्त नियमित नोंदणी असलेल्यास. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आंकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, मध्यप्रदेशाचे २३. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो घालून पाहिला तर नांव आणि योजना दोन्ही कळतात. बऱ्हाणपूरकडील ठेकेदार लावला असल्यास "९ अधिक ९" या ऐवजीं १८ टक्के एकत्रित कर दिसेल. रक्कम तीच, त्यावरून भांडूं नये.

या प्रकरणांत क्रमांक खरा निघाला आणि नोंदणी नियमित होती. मग राहिला गुरुजींचा संकोच. त्यांना आम्हीं एवढेंच कळविलें कीं, कर म्हणून जें घेतलें तें सर्व सरकारांत भरणें कायद्यानें भागच आहे. जास्तीचे चोवीस हजार त्या विद्यार्थ्याला पचावयाचे नव्हतेच, उलट ते न भरल्यास तोच अडचणींत येणार. त्याच्यावर आरोप न करतां त्याच्याकडे जमापत्र, म्हणजे क्रेडिट नोट मागावी. २०२५-२६ च्या बिलासाठीं ती ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, अथवा त्यापूर्वीं त्यानें वार्षिक विवरण भरल्यास तोंपर्यंत, कर-हिशेबांत धरतां येते; मात्र पैसे गिऱ्हाइकास परत केलेले असले पाहिजेत. हें पटल्यावर गुरुजींनीं स्वतःच त्याला बोलावून घेतलें. त्यानें जमापत्र दिलें, आणि रकमेंतील निम्मी लगेच व उरलेली दिवाळीनंतर आणून दिली.

सर्वच ठेकेदार इतके सरळ नसतात. नकार आला तर तो लेखी घ्यावा. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेंही भागलें नाहीं तर अमरावतीस जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि कामाचा मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर तेथें तक्रारीस फी नाहीं. कच्च्या चिठ्ठीवर पैसे दिले असतील तर मात्र यांपैकीं कोणतीही वाट बिकट होते. "पक्कें बिल नको, थोडें कमी करतों" या गोड बोलण्यांत ठेकेदाराचाच लाभ अधिक असतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याच कुटुंबाचे धाकटे बंधु आतां आपल्या वेगळ्या भूखंडावर नवें घर बांधणार आहेत, आणि सामान स्वतः आणून नुसती मजुरी ठेक्यानें देण्याचा त्यांचा विचार आहे. त्यांस येथेंच सांगून ठेवतों : स्वतंत्र एका घराच्या नव्या बांधकामाचा निव्वळ मजुरीचा ठेका करमुक्त आहे, मग ठेकेदार नोंदलेला कां असेना. ही सूट दुरुस्तीच्या मजुरीस नाहीं, आणि ठेकेदारानें सिमेंट-रेती पुरविली तर तीही राहत नाहीं. म्हणून करारपत्रांत "फक्त मजुरी" हे शब्द असावेत, सामानाचीं बिलें स्वतःच्या नांवें घ्यावींत, आणि ठरलेल्या रकमेंत कर धरला आहे कीं वेगळा, हें पहिला हप्ता देण्यापूर्वीं लिहून घ्यावें.